शटर आणि अवतरण : अतुल दोडिया यांच्या चित्रांतील कलेतिहास व दैनंदिन जीवन

मराठीत ‘अवतरण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वरून खाली उतरणे हा पहिला. दुसऱ्याचे वचन आपल्या लेखनात उद्धृत करणे हा दुसरा. मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांच्या कलाकृतींचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ध्यानात घ्यावे लागतात. तौलनिक साहित्याभ्यासात उद्धरणाची चर्चा दीर्घकाळ ‘प्रभाव’ या संकल्पनेच्या आधारे होत आली. कोणी कोणाकडून काय घेतले, हा तिचा मुख्य प्रश्न. घेतलेली गोष्ट कोठे उतरते आणि उतरल्यावर कोणाच्या जीवनाला भिडते, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिला. दोडिया यांची शटर-चित्रे या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधतात.

दोडिया यांचा जन्म १९५९ साली घाटकोपर येथे झाला. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९८२ मध्ये पदवी घेतली आणि १९९१-९२ मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये अध्ययन केले. छापील प्रतींमधून परिचित असलेला युरोपीय कलेतिहास तेथे प्रत्यक्ष समोर आला. मात्र परतल्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत हा इतिहास संग्रहालयाच्या शिस्तीत येत नाही. ‘द बॉम्बे बकॅनीयर’ (१९९४) या चित्रात ‘बाजीगर’ (१९९३) या चित्रपटाच्या भित्तिपत्रकाची ढब आहे. नायकाच्या जागी चित्रकार स्वतः उभा आहे आणि त्याच्या काळ्या चष्म्याच्या भिंगांत डेव्हिड हॉकनी व भूपेन खख्खर दिसतात. गुरुपरंपरेचे स्मरण येथे चित्रपटगृहाबाहेरच्या फलकाच्या भाषेत केलेले आहे. ‘गंगावतरण : राजा रविवर्म्यानंतर’ (१९९८) मध्ये रविवर्म्याच्या पौराणिक दृश्यातील गंगेच्या जागी मार्सेल द्युशां यांची १९१२ मधील जिना उतरणारी आकृती येते. अवतरणाचे दोन्ही अर्थ येथे एका चौकटीत सामावतात.

या क्रमातील निर्णायक टप्पा २००१ सालचा होय. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्या वर्षी भरलेल्या ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनात नऊ महानगरांचा समावेश होता. त्यांपैकी १९९२ ते २००१ या काळातील मुंबईचे दालन गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी सिद्ध केले होते. दोडिया यांनी तेथे दुकानांना असतात तशी गुंडाळली जाणारी लोखंडी शटरे रंगवून मांडली. या माध्यमाची निवड केवळ नावीन्यासाठी झाली, असे मानता येत नाही. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगली आणि १२ मार्च १९९३ चे बाँबस्फोट यांनंतर मुंबईकरांच्या लेखी शटर ही केवळ व्यापाराची वस्तू उरली नव्हती. भरदिवसा खाली आलेले शटर म्हणजे भयाची वार्ता, आणि पुन्हा वर गेलेले शटर म्हणजे रोजच्या व्यवहारावर ठेवलेला विश्वास.

‘महालक्ष्मी’ (२००२) ही या मालिकेतील विशेष विचारार्ह कृती आहे. बाहेरच्या शटरवर दिनदर्शिकेच्या शैलीतील देवी आहे. शटर वर गेले की आतल्या फलकावर गळफास घेतलेल्या तीन मुली दिसतात. पित्यावर हुंड्याचा भार पडू नये म्हणून कानपूर येथील तीन बहिणींनी १९८८ मध्ये आत्महत्या केली होती. त्या घटनेचा हा संदर्भ आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी ही घटना घडली. धनाची देवता बाहेर आणि धनाअभावी संपलेली आयुष्ये आत, अशी ही रचना आहे.

देवीच्या या प्रतिमेलाही इतिहास आहे. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणालय स्थापन केले आणि दरबारांसाठी घडलेली देवतारूपे मध्यमवर्गीय घरांत पोचू लागली. पुढे दिनदर्शिकेने ती दुकानाच्या गल्ल्यामागील भिंतीपर्यंत नेली. म्हणजे कलेतिहास आणि दैनंदिन जीवन यांचा संयोग दोडिया यांनी नव्याने घडवून आणला, असे म्हणणे अपुरे ठरेल. तो संयोग शतकभर होतच होता. दोडिया यांनी ती प्रतिमा दुकानाच्या दारावरून उचलून पुन्हा कलादालनात आणली आणि मधल्या प्रवासात ती ज्या दुःखावर पांघरूण घालत आली, ते तिच्यासह आणले.

या द्विस्तर रचनेची तुलना कीर्तनातील पूर्वरंग व उत्तररंग यांच्याशी करता येते. पूर्वरंगात अभंगाच्या आधारे तत्त्वाचे निरूपण होते. उत्तररंगातील आख्यान त्या तत्त्वाला दृष्टांताचे बळ देते. ‘महालक्ष्मी’मध्येही आधी सर्वमान्य प्रतिमा आणि मग आख्यान असाच क्रम आहे. फरक इतकाच की, येथील आख्यान निरूपणाला पुष्टी देत नाही, त्याची उलटतपासणी करते. शटर पुन्हा खाली आले की देवी दिसते, पण पाहणाऱ्याला ती आता पूर्वीसारखी पाहता येत नाही.

येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. तीन मृत मुलींची प्रतिमा कलादालनात आणि कलाबाजारात आणणे, हे त्यांच्या दुःखाचे पुनश्च प्रदर्शन नव्हे काय? हा आक्षेप पूर्णतः निरस्त होत नाही. तथापि वृत्तपत्रातील छायाचित्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते; येथे ते दृश्य झाकण्याची आणि उघडण्याची क्रिया कलाकृतीचा भाग बनते. शटर खाली ओढणे म्हणजे काय, हे पाहणाऱ्याला आपल्यापुरते ठरवावे लागते.

उद्धरणाकडे ऋण म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाला दोडिया यांच्या चित्रांत हॉकनी, द्युशां, रविवर्मा यांची यादी सापडेल. ती यादी खरी, पण अपुरी आहे. उसनी आणलेली प्रतिमा स्थानिक दुःखासमोर उभी राहते, तेव्हा तिला त्या दुःखाचे उत्तरदायित्व पत्करावे लागते. साहित्यातील अवतरणांनाही हीच कसोटी लावता येईल.