खिशात मोबाइल, साल १९०९

लोकलमधून तळेगाव स्टेशनात उतरता आणि बाहेर येईपर्यंत साल १९०९ झालेलं असतं. रिक्षावाल्यांच्या हाका बंद. डोळ्यात इंजिनाच्या कोळशाची कणी गेलेली, ती चोळत तुम्ही उभे. खिशात मोबाइल, निम्मा चार्ज. नेटवर्क नाही, पण फोटो काढायला ते कुठे लागतं?

पहिला मोह आवरा. मोठी माणसं शोधू नका. टिळक मंडालेच्या तुरुंगात आहेत, आणि तसेही त्यांचे फोटो आहेत. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची समाधी बनेश्वरापाशी आहे, ती पुढेही तिथेच राहणार. पगडी, उपरणं, खुर्ची आणि मागे रंगवलेला पडदा, असे या काळातले फोटो कितीतरी घरांत टांगलेले सापडतील. खुर्चीखालच्या जमिनीचा मात्र एक सापडायचा नाही.

म्हणून खाली बघत चाला. टांग्याच्या लोखंडी धावांनी मातीत पाडलेल्या चाकोऱ्या, त्यांत फुटलेल्या बांगडीचा तुकडा. काढा. ओसरीवर एक मुलगी चिंधीला राख लावून कंदिलाची काच पुसते आहे. काजळी निघते, तिच्या बोटांवर बसते. बोटं काढा. तिला तुमच्या हातातली काळी पाटी कळत नाही, ती हसून आत पळते. मग उरलेली राखेची वाटीही काढा.

ती काच कदाचित इथलीच असेल. पुढे पैसा फंडाचा काच कारखाना आहे, सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागायची कल्पना काढली. रुपयाचे ६४ पैसे, म्हणजे रुपया जमवायला ६४ माणसांपुढे हात पसरायचा. त्या पैशांतून १९०८ साली हा कारखाना उभा राहिला, आणि जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. एवढं कुठेही वाचायला मिळतं. पैसा देणाऱ्या बाईनं तो कनवटीच्या कुठल्या गाठीतून काढला, ते मिळत नाही.

आत चला. भट्टीजवळ चेहरा भाजतो. वाळू, सोडा आणि चुना वितळून मधासारखा चिकट रस झालाय. फुंकनळीच्या टोकाला त्याचा गोळा घेऊन एक जण नळी फिरवत फुंकतोय. थांबला तर गोळा एका अंगाला ओघळेल. भट्टीचा फोटो भव्य येईल, म्हणूनच तो नंतर. आधी त्याचे फुगलेले गाल, पायाजवळचा पाण्याचा माठ, मनगटावरचे भाजल्याचे डाग. कोपऱ्यात बिघडलेल्या मालाचा ढीग: वाकड्या काचा, तडकलेल्या काचा. घाईनं निवली की काच तडकते. ढिगातला एक तुकडा उजेडात धरा. हिरवट झाक आहे, ती वाळूतल्या लोहाची. आत बुडबुडा आहे. त्यात फुंकणाऱ्याचा श्वास अडकला, असं फोटोखाली लिहायचा मोह होईल. लिहू नका, असे बारीक बुडबुडे बहुधा वितळताना निघालेल्या वायूंचे असतात.

याच सुमाराला पॅरिसमध्ये यूजीन आत्जे नावाचा गृहस्थ १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा पाठीवर वाहत हिंडतोय. दार ठोठावायच्या कड्या, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या दर्शनी काचा टिपतो आणि चित्रकारांना नमुने म्हणून विकतो. एक काच, एक फोटो. चुकला तर काच वाया. तुम्ही एवढ्यात चाळीस काढलेत, आणि त्यातले तीस सारखेच आहेत, खरं ना?

"आपण कुठून आलात?"

समर्थ विद्यालयाची दोन मुलं. आवाज नम्र, नजर नाही. त्यांचे विजापूरकर गुरुजी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात आहेत. शाळाही सरकारच्या डोळ्यात सलते आणि १९१० मध्ये बंद पाडली जाणार आहे. स्वदेशी कारखान्याभोवती कसली तरी पेटी घेऊन घुटमळणारा अनोळखी माणूस म्हणजे गुप्त पोलीसच. "राखेच्या वाटीचा फोटो काढत होतो" हे तुम्ही सांगून बघता. आता तर त्यांची खात्रीच पटते.

पळा.

बोळ संपतो तिथे जळक्या धान्याचा वास. जानेवारी १७७९. पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज तळेगावात शिरली आहे आणि गाव रिकामं आहे. मराठ्यांनीच ते जाळून मोकळं केलंय. दोन दिवसांत फौज मागे फिरेल, जड तोफा तळ्यात ढकलून, आणि वडगावला कोंडीत सापडून तह करेल. तोफांचं चित्र कुणीतरी काढेलच. तुम्ही उंबऱ्याआड वाका: जातं जागेवर आहे, खुंटा नाही. जाताना कुणीतरी तो उपटून नेलाय. एवढा एकच काढा, धुरात दुसरा येणार नाही.

आणि मग हॉर्न. मारुती मंदिर चौक, आज सकाळी. बनियनवर दात घासत कुणी गॅलरीत उभा, दोरीवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे गणवेश वाळतायत. विजेच्या खांबावर "रूम भाड्याने देणे" आणि "फिटर, वेल्डर पाहिजेत", एकावर एक चिकटवलेले. खालचे कागद कुठल्या वर्षीचे ते नखानं खरवडून बघा. इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबलं, पुढे तो ह्युंदाईनं घेतला. फाटकाचे फोटो वर्तमानपत्रांत आले. कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्यांच्या पाठी टेकून टेकून भिंतीवर जो तेलकट पट्टा उमटतो, तो कुणी छापला नाही.

जुन्या घराच्या दाराशी थांबता. चौकटीवर विजेचा मीटर ठोकलेला, खाली पितळी कडी.

"महावितरणकडनं आलात का?" शेजारचा दुकानदार विचारतो.

"नाही, कडीचा फोटो काढतोय."

"ही कशाला काढताय? मागच्या दाराची बघा, ती आजोबांच्या वेळची. ही आमच्या पोरानं परवा चिंचवडवरनं आणली."

तुम्ही दोन्ही काढता, आणि चिंचवडच्या दुकानाचं नाव, कडीची किंमत त्याच्याकडून लिहून घेता.