तळटीप : उत्तरदीप्ती आणि माणदेशाचे आकाश

* गॅमा किरणांच्या स्फोटामागून रेंगाळणारा दृश्य प्रकाश, म्हणजे उत्तरदीप्ती, टिपणे हे मोठ्या दुर्बिणींचेच काम, असे वाटेल. पुरावा वेगळे सांगतो. 23 जानेवारी 1999 चा स्फोट चालू असतानाच न्यू मेक्सिकोतील ‘रॉट्सी’ या स्वयंचलित यंत्रणेने कॅमेऱ्याच्या टेलिफोटो भिंगांतून त्याचा जवळपास नवव्या प्रतीचा उजेड पकडला. ही दीप्ती ढोबळमानाने काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. मिनिटाचा तास झाला की साठपट मंद. म्हणून आरशाच्या व्यासाइतकेच महत्त्व त्या क्षणी रात्र कुठे आहे, याला. 19 मार्च 2008 चा स्फोट काही क्षण नुसत्या डोळ्यांनाही दिसण्याइतका तेजाळला, तेव्हा साताऱ्यात सकाळचे 11 वाजून 42 मिनिटे झाली होती! तो इथून हुकलाच; पण युरोपात ऊन असताना काळोखात असलेल्या साताऱ्याच्या 74 अंश पूर्व रेखांशाची बाजू याच कारणाने बळकट होते.

या भागात छोटी दुर्बीण उभारण्यावर पावसाळ्याचा आक्षेप घेता येतो; कास-महाबळेश्वरापुरता तो निर्विवाद. माणदेशातले माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत असले, तरी जून ते सप्टेंबर ढग तिथेही असतातच. शिवाय पवनचक्क्या फिरवणारा वारा दुर्बीणही हलवतो. मग जुन्नरजवळ गिरवलीला ‘आयुका’ची दोन मीटरची दुर्बीण असताना आणखी एक कशाला? कारण मोठ्या दुर्बिणीचे वेळापत्रक आधीच ठरलेले असते. छोटी स्वयंचलित दुर्बीण इशारा मिळताच वळते. लडाखमधील हानलेची 70 सेंटिमीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ हेच काम करते. वर्णपट घेऊन अंतर काढायला मोठा आरसाच लागतो, हे खरे. पण हिवाळ्यात पश्चिमी झंझावात लडाखवर ढग आणतात, तेव्हा माणदेशाचे आकाश बहुधा निरभ्र असते.