गावठी कुत्र्याचे कूळ

अकोले तालुक्यातील राजूर येथे दरवर्षी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. वळू पाहावयास आलेला जाणता शेतकरी त्याची काळी कठीण खुरे निरखतो, कातडीवरून हात फिरवितो. कातडी तेलकट असली म्हणजे डांगाणच्या मुसळधार पावसात जनावर टिकते. अशा पारखीनेच डांगी ही जात पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. परंतु त्याच शेतकऱ्याच्या मागोमाग आलेल्या कुत्र्याची जात विचारावी, तर ‘त्याला कसली जात? गावठी आहे,’ असे उत्तर मिळावयाचे. या उत्तरातील तुच्छता इतिहासाला धरून नाही.

कुत्र्याचे पूर्वज एकाहून अधिक रानटी जातींचे असावेत, असे चार्ल्स डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात सुचविले होते. सह्याद्रीत राहणाऱ्यास कोळसुंद्याची आठवण होणे साहजिक आहे. पण कोळसुंद्याचे दात 40 आणि कुत्र्याचे 42, तेव्हा तो दावा तोंड उघडताच निकालात निघतो. कोल्ह्याचे दात मात्र 42 च भरतात. त्याला बाजूस सारण्याचे काम अलीकडच्या आनुवंशिक संशोधनाने केले. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज होय. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे सुमारे 14,000 वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसांच्या सोबतीला पुरलेला कुत्रा सापडला आहे. त्या काळी कोठे शेती नव्हती, की दाव्याला गाय बांधलेली नव्हती. माणसाच्या दारी सर्वांआधी आला तो कुत्रा.

राजूरच्या परिसरातील प्रवरा नदी पुढे श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादवरून वाहते. तेथे 1974 मध्ये झाडाचे खोड खणून काढताना काशाच्या चार वस्तू हाती लागल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. त्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे! या वस्तूंच्या काळाविषयी वाद झाले. तथापि पुष्कळ पुरातत्त्वज्ञ त्या सुमारे 4,000 वर्षांपूर्वीच्या मानतात. बैल आणि कुत्रा यांची प्रवराकाठची जोडी इतकी जुनी आहे.

मग जाती झाल्या कशा? डांगी वळूसारख्याच, माणसाने हेतू धरून निवड केल्यामुळे. दख्खनच्या उघड्या माळावर ससा व हरिण दृष्टीच्या टप्प्यात ठेवून धावणारा कुत्रा हवा होता. त्यातून लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा कारवानी कुत्रा राखला गेला. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली, म्हणून त्यास मुधोळ हे नावही मिळाले. इंग्लंडात वेगळेच घडले. 1859 मध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, आणि कामापेक्षा रूपाला गुण मिळू लागले. आज जगात साडेतीनशेहून अधिक जाती मान्यता पावलेल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच या गेल्या दोनशे वर्षांतल्या. बुलडॉगचे नाक इतके चपटे केले गेले की, त्या बिचाऱ्यास धड श्वासही घेता येत नाही. यास सुधारणा म्हणणे कठीण आहे.

गावठी कुत्रा या जातींच्या भेसळीतून उतरलेला नाही. जगभरातील खेड्यांतल्या कुत्र्यांची आनुवंशिक तपासणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत भारतातील कुत्र्यांमध्ये युरोपीय कुत्र्यांचा अंश जवळजवळ आढळला नाही. म्हणजे तो जातिवंतांचा बिघडलेला वारस नव्हे, तर त्यांच्या चुलत घराण्यातला आहे. आणि त्याचे घराणे जुने आहे.

त्याची निवड कोणी केलीच नाही, असेही नाही. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा व गुरांचा त्याहून कमी. अंधारात बिबट्याची चाहूल ज्याला आधी लागली, त्याची पिल्ले वाचली. राजूरच्या वाडीवस्तीवर रात्री भुंकणारा कुत्रा हा अशा वाचलेल्यांच्या वंशातला आहे.