जुन्या पेटाऱ्याचा वास ओलीचा की पावडरीचा?

जुने वाडे पाडायला काढले की माळ्यावरचे सागवानी पेटारे खाली येतात. कुणी त्यात गोधड्या भरतं, कुणी बियाणं. मग विचारणा येते, वास जात नाही, काय करू?

माझा उलटा प्रश्न असतो: घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत का, यात पावडर टाकायचे का म्हणून?

पावडर म्हणजे बीएचसी, आपल्या तोंडची 'ग्यामॅक्सीन'. हे रसायन फॅरेडेने (तोच, विजेवाला) १८२५ मध्येच केलं होतं. पण ते किडे मारतं हे ध्यानात यायला दुसरं महायुद्ध उजाडलं. आपल्याकडे १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा इथे कारखाना निघाला आणि पुढे १० टक्के भुकटी गावोगाव पोचली. शेतात टोळधाडीवर, हुमणीवर चालायची. घरात आली ती सोंडे-पोरकिड्यांसाठी. त्याआधी कडुलिंबाचा पाला न् राख होती. पावडर स्वस्त, किडा डोळ्यादेखत मरायचा, मग कोण ऐकतंय!

तिचा वास कुबटच, म्हणून ओलीच्या वासात खपून जातो. हे रसायन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलकट पदार्थात मुरतं. सागात तेल असतंच. त्यामुळे धुऊन निघत नाही, उन्हाळ्यात पेटारा तापला की पुन्हा वास मारतो. त्यातही एक गोम आहे. पावडरीत किडे मारणारा खरा भाग, म्हणजे गॅमा, साधारण १० ते १५ टक्केच. तो शुद्ध काढून लिंडेन म्हणून विकायचे, आणि त्याला वास जवळपास नसतोच. म्हणजे पेटाऱ्याचा वास गेला तरी विष आतच राहू शकतं.

सरकारने बीएचसी १ एप्रिल १९९७ पासून बंद केली, लिंडेनचा वापर २०१३ मध्ये. लाकडाला ते कोण सांगणार?

नुसत्या ओलीचा वास असेल तर काम सोपं आहे. फडक्याने पुसा, आठ-दहा दिवस उघडा करून कडक उन्हात ठेवा, रात्री आत कोळशाची टोपली ठेवून झाकण लावा. तरीही राहिला तर आतून पॉलिश पेपर मारून लाखेचं पॉलिश द्या, वास कोंडला जातो. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका.

पावडर टाकायचे असं कळलं, तर मात्र घासू नका, भुसा नाकात जातो. धान्य, बियाणं, लेकराचे कपडे त्यात नकोत. आतून लाखेचे दोन-तीन हात द्या आणि कुदळी-खुरपी, दोरखंड ठेवायला गोठ्याबाहेरच्या पडवीत लावा. फोडून बंबात किंवा चुलीत तर अजिबात घालू नका, असल्या लाकडाचा धूर विषारी असतो.