ब्लास्टर मास्टर

जपानच्या सनसॉफ्ट कंपनीचा १९८८ मधील व्हिडिओ गेम. जपानमध्ये तो फॅमिकॉम या गेमयंत्रावर ‘मेटाफाइट’ या नावाने निघाला, तर अमेरिकेत त्याच वर्षी एनईएस या त्याच यंत्राच्या तिथल्या रूपावर कथानक पार बदलून आला. तेथे जेसन हा मुलगा पळालेल्या बेडकामागे जमिनीखाली उतरतो आणि त्याला ‘सोफिया’ हा रणगाडा सापडतो.

गेमचा खरा जीव या रणगाड्यात आहे. तो उड्या मारतो, वरच्या दिशेनेही गोळ्या झाडतो. पुढे हवेत तरंगण्याची, भिंतीवर चढण्याची शक्ती मिळवतो. तिसऱ्या विभागानंतर चौथ्याची वाट शोधायला खेळाडूला थेट पहिल्या विभागाच्या आरंभी परतावे लागते. हवेत तरंगता आले की मगच ती वाट खुली होते. ही रचना त्या काळाच्या मानाने विलक्षण धीट होती. रणगाड्यातून उतरलेला जेसन मात्र नाजूक असतो, उंचावरून पडला तरी मरतो. गुहांमधले दृश्य वरून दिसते आणि तेथे मार बसला की बंदुकीची ताकदही घटते. प्रगती साठवायची सोय नसल्याने सगळे एका बैठकीत संपवावे लागे, हा त्यातला मोठा दोष. नाओकी कोदाका यांचे संगीत आजही आवडीने ऐकले जाते.

चाहत्यांनी मूळ फाइलमधील नकाशे, रंग आणि रणगाड्याच्या क्षमता बदलून नव्या आवृत्त्या केल्या. प्रताधिकारामुळे पूर्ण गेमऐवजी फक्त ‘पॅच’ वाटला जातो. कोणत्या जागचे बाइट बदलायचे आणि त्यांच्या जागी कोणते घालायचे, एवढेच त्यात नोंदलेले असते. इंटी क्रिएट्सने २०१७ मध्ये ‘ब्लास्टर मास्टर झिरो’ ही अधिकृत नवी मांडणी आणली.