कवेलूच्या घराचा सांगाडा

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे सिमेंटच्या स्लॅबखाली राहूनही आपल्याला निदान तेवढी वर्षं झाली. त्याआधी आपल्यापैकी बऱ्याच जणांचं घर कवेलूचं होतं. कुणाचं चंद्रपुरात जटपुरा दरवाज्याच्या आत, कुणाचं मूल, सिंदेवाही, आरमोरी, अहेरीकडे. आपली मुलं त्या घरांना मातीची घरं म्हणतात. पण ती खरी लाकडाची घरं होती. माती फक्त आडोशाला.

आधी खांब उभे व्हायचे, तेही दगडावर, म्हणजे बुडाला ओल आणि वाळवी लवकर लागत नसे. खांबांवर तुळया, मधल्या उंच खांबांवर आढं, आढ्यावरून दोन्हीकडे उतरते वासे, त्यावर बांबू आणि मग कवेलू. छपराचं ओझं सगळं या सांगाड्यावर. भिंत मागाहून भरायची. त्यामुळे पावसाळ्यात एखादी भिंत बसली तरी छप्पर जागेवर राही. उन्हाळ्यात माती कालवून भिंत पुन्हा घातली की झालं. घर मोजायचं तेही खणावर, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरावर. चौरस फूट हा शब्द आपल्याकडे फ्लॅटबरोबर आला!

वाढयाचं कसब सांध्यात दिसायचं. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्याला तेवढंच भोक पाडायचं, ठोकून बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी मारायची. वाकस, किंकरं, करवत, ओळंबा, एवढ्यावर घर उभं. लाकूड मात्र वाळलेलं हवं. ओलं लावलं तर आकसतं आणि सांधा ढिला पडतो. खांबाला आणि चौकटीला सागच, कारण त्यात अंगचं तेल असतं, वाळवी सहसा शिवत नाही आणि तो वाकतही नाही. ज्याला साग परवडत नसे तो ऐन किंवा बिजा लावी. दोन्ही मजबूत, पण वजनाला भारी.

आता हा साग कुणाचा, हा प्रश्न जुना आहे. 1878 च्या वन कायद्यानंतर मोठमोठी जंगलं राखीव झाली. गावाला निस्तार मिळे, म्हणजे घराला, नांगराला, जळणाला लागेल तेवढं. पण सागावर नजर सरकारची नाहीतर मालगुजाराची. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. पुढे महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड कायदा आला आणि स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही परवानगी लागू लागली. जंगल वाचायला हवं होतं हे खरंच. पण कागदाचा सगळा ताप घर बांधणाऱ्या साध्या माणसाला झाला, हेही तितकंच खरं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथल्या गोंड मंडळींनी रीतीप्रमाणे सागाचं घोटुल बांधलं. वनखात्यानं ते पाडून लाकूड नेलं. गावानं पुन्हा बांधलं, आणि आसपासच्या गावांनीही आपापली घोटुलं उभी केली. त्याच मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलतोडीला बंदी घातली. साग आणखी महाग झाला. इकडे गडचांदूर, आवारपूरला सिमेंटचे कारखाने आधीच उभे होते. सागाचा जिल्हा बघता बघता सिमेंटचा झाला. कवेलू फेरणारे मिळेनात, वाढई फर्निचरकडे वळले. जुनी घरं पाडताना लाकूड आधी विकलं जातं, कारण शंभर वर्षांचा वाळलेला खांब रंधा मारला की नव्यासारखा निघतो.

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून सागवान रवाना झालं, तेव्हा मिरवणूक निघाली होती. आपल्या इमारतीत साग शोधायचा तर बहुतेक फ्लॅटमध्ये तो फार तर मुख्य दाराच्या चौकटीत सापडेल. तीन-चार घरांत मात्र गावच्या घरातला खांब नाहीतर तुळईचा तुकडा देवघराला, झोपाळ्याला लावलेला आहे. त्यावर कुसवाची भोकं अजून दिसतात.