मिनिटभर थांबून मोजावे
(जीवनचिन्हांच्या अभ्यासाची प्रस्तावना)

सदाशिव पेठेत रक्तदाबाचे यंत्र नसलेले घर आता शोधावे लागेल. मुले परदेशी, घरात दोघेच ज्येष्ठ आणि कपाटात बीपीचे यंत्र, थर्मामीटर व २०२०च्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटर, असे चित्र इथे नेहमीचे आहे. पूना हॉस्पिटल पेठेतच आहे, टिळक रस्त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनची वास्तू आहे, औषधांची दुकाने तर पावलोपावली. अशा वस्तीत ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजायला शिकवणारे पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. आकडा मिळवणे सोपे झाले. तो ओळखणे पूर्वीइतकेच अवघड राहिले, एवढेच त्याचे उत्तर. हा आकडा कसा घेतला, कोणाचा घेतला आणि त्या माणसाचा एरवीचा आकडा किती असतो, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसतील तर यंत्राने दाखवलेले काहीही रुग्णाच्या उपयोगाचे नसते. या विषयाचे सार त्या तीन प्रश्नांत आहे.

वॉर्डात ज्यांना ‘व्हायटल्स’ म्हणतात ती जीवनचिन्हे मोजकी आहेत : शरीराचे तापमान, नाडीचे ठोके, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी. रुग्ण कितपत शुद्धीवर आहे, हेही त्यांच्याच पंक्तीत बसते. ती एकत्र वाचायची असतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२मध्ये प्रत्येक चिन्हाला गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत रूढ केली ती याच विचाराने. एकेक चिन्ह थोडेथोडे बिघडलेला रुग्ण कधी कधी एकच चिन्ह ठळक बिघडलेल्या रुग्णापेक्षा जास्त धोक्यात असतो.

यांतल्या बहुतेक चिन्हांचा इतिहास साधनांचा इतिहास आहे. नाडी पाहण्याची आपली परंपरा शार्ङ्गधरसंहितेइतकी जुनी. पण ती घड्याळ लावून मोजावी यासाठी इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर यांनी १७०७मध्ये खास मिनिटभर चालणाऱ्या घड्याळाचा पुरस्कार केला. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून १८६८मध्ये तापाचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. त्याच सुमारास क्लिफर्ड ऑलबट यांनी फूटभर लांबीचा थर्मामीटर सहा इंचांवर आणला आणि तो डॉक्टरांच्या खिशात गेला. दंडाला बांधायचा पट्टा १८९६मध्ये रिवा-रोच्ची यांनी दिला. त्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकण्याची रीत १९०५मध्ये कोरोत्कोफ यांनी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमागचे तत्त्व १९७४मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडले. या यादीत श्वासाचा वेग नाही. त्याला यंत्र लागत नाही. लागते ते माणसाचे एक अख्खे मिनिट. म्हणूनच तो सर्वांत दुर्लक्षित राहिला. कित्येक ठिकाणच्या तक्त्यांत तापमान आणि रक्तदाब रुग्णागणिक बदलतात, श्वसनाच्या रकान्यात मात्र सर्वांना सरसकट १८ किंवा २० असतात. खरे तर प्रकृती ढासळू लागली की अनेकदा श्वासच आधी वाढतो.

या दुर्लक्षित चिन्हाची थोरवी सिद्ध झाली ती महाराष्ट्रातच, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या गावांत बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले. क्ष-किरण यंत्र दूर, डॉक्टर त्याहून दूर. निदान करायचे ते गावातल्या आरोग्यसेवकांनी आणि दाईंनी, तेही श्वास मोजून. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, या आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मर्यादा आहेत. पण ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचे? त्यासाठी तिथे एक साधन घडले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मर्यादा दाखवणाऱ्या लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने इथले न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्यावर आले. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरक्षर दाईने नीट घेतलेला आकडा मुलाचा जीव वाचवू शकतो, ही या विषयातली सर्वांत मोठी शिकवण आहे आणि या पुस्तकाची मांडणी तिच्यावर उभी आहे.

आता पेठेकडे परत येऊ. आजोबा जिना चढून येतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात, सदऱ्याच्या बाहीवरच पट्टा गुंडाळतात आणि यंत्र चालू असताना आजींना चहाविषयी सांगत राहतात. आकडा १५८ येतो आणि फोटो लगेच अमेरिकेला जातो. यात यंत्राचा काही दोष नाही. पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, पावले जमिनीवर टेकलेली, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर असावा, मूत्राशय रिकामे असावे. आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको, मोजताना बोलणे नको. मिनिटभराने पुन्हा मोजावे. पट्टा लहान पडला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. ऑक्सिमीटरलाही गार पडलेली बोटे आणि नेलपॉलिश चालत नाही. शिवाय सावळ्या-काळ्या त्वचेवर तो कधी कधी प्रत्यक्षापेक्षा चांगला आकडा दाखवतो, हे अमेरिकेतल्या २०२०च्या अभ्यासाने पुढे आणले. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही. श्वास मोजतोय हे रुग्णाला कळले की तो श्वास बदलतो, म्हणून अनुभवी सिस्टर नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडत नाहीत आणि नजर छातीवर ठेवून श्वास मोजतात.

पद्धत जमली आणि आकडा कोणाचा हे ठाऊक झाले की तिसरा प्रश्न उरतो, एरवी किती? ज्यांचा वरचा रक्तदाब नेहमी १५०च्या पुढे असतो त्यांचा अचानक १०५ भरला, तर कागदावर तो उत्तम दिसेल, पण त्या घरात काळजीचे कारण आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला १००/६० असलेला रक्तदाब पुढे १३०/८५ झाला, तर तो मर्यादेत असूनही लक्ष ठेवण्याजोगा. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मंद ठेवतात, त्यामुळे आजारपणातही ती फारशी वाढत नाही. वृद्धांना मोठा जंतुसंसर्ग होऊनही अनेकदा ताप येत नाही. येतो तो गोंधळलेपणा, किंवा ते पडतात. पुस्तकातली ‘सामान्य’ मर्यादा अनेकांच्या सरासरीतून आलेली असते. समोरच्या माणसाची मर्यादा त्याच्या जुन्या नोंदींतच सापडते.

मोजणाऱ्याला घरात विश्वासाने घेतले जावे लागते, हेही या शहराने पाहिले आहे. १८९७च्या प्लेगमध्ये सैनिकांनी पेठांतल्या घरांत शिरून रुग्ण शोधले, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. याउलट रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने इथल्या स्त्रियांना, त्यांत विधवाही होत्या, परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले आणि रुग्णाजवळ बसणाऱ्या हातांना समाजात मान मिळू लागला. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतली पथके तापमान आणि ऑक्सिजन मोजत राज्यभर दारोदार गेली, तेव्हा बहुतेक घरांनी दार उघडले. म्हणून ‘मोजू का?’ असे विचारणे आणि काय आढळले ते रुग्णाला सांगणे, हा या पुस्तकात शिष्टाचाराचा भाग नसून तंत्राचा भाग मानला आहे.

हे पुस्तक आशाताईंसाठी आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींसाठी आहे, घरी येणाऱ्या केअरटेकर मावशींसाठी आहे आणि आपल्या माणसाची काळजी घेणाऱ्या कोणासाठीही आहे. शरीरशास्त्राची पूर्वतयारी लागत नाही. घरातल्या यंत्रांखेरीज सेकंदकाट्याचे घड्याळ आणि एक वही पुरे. पहिल्या प्रकरणाआधी एक गृहपाठ करावा. घरातल्या धडधाकट माणसाची पाचही चिन्हे आठवडाभर रोज ठरल्या वेळी मोजावीत आणि आकड्याशेजारी वेळ, बसलेला की निजलेला, कोणता हात, एवढे लिहून ठेवावे. पुढे कधी आजारपण आले आणि डॉक्टरांनी ‘एरवी किती असतं?’ असे विचारले, तर अंदाज सांगण्याऐवजी ती वही पुढे करता येईल.

सदाशिव पेठ, पुणे